नाव एक, वृक्ष अनेक : ‘निलगिरी’ची ओळख ठरते हर्बेरियमच्या कागदावर

चेन्नई : मराठीत ज्याला सरसकट ‘निलगिरी’ म्हटले जाते, तो वृक्ष मूळचा ऑस्ट्रेलियाचा. तमिळनाडूतील नीलगिरी पर्वतावर १८४३ च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाली आणि पर्वताचेच नाव त्याला चिकटले. मात्र या एका नावाखाली निरनिराळ्या प्रजाती वावरतात. उटीच्या थंड हवेत वाढणारा, तेलासाठी प्रसिद्ध असलेला वृक्ष युकॅलिप्टस ग्लोब्युलस होय; चेन्नई परिसरासारख्या उष्ण मैदानांत लावले जातात ते प्रामुख्याने टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिस.

हे भेद निश्चित करण्याचा आधार म्हणजे हर्बेरियम, अर्थात वाळवलेल्या वनस्पती जाड कागदावर चिकटवून जपणारा संग्रह. युकॅलिप्टस हे नावही अशाच एका नमुन्यावरून पडले. कॅप्टन कुक यांच्या तिसऱ्या सफरीत १७७७ मध्ये टास्मानियाजवळच्या ब्रूनी बेटावर गोळा केलेली फांदी लंडनला पोहोचली आणि १७८८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरिटिए यांनी तिच्यावरून हे नाव दिले. ‘नीट झाकलेले’ असा त्याचा अर्थ. कळीवरील टोपीसारख्या झाकणाला उद्देशून तो आहे.

निलगिरीचा नमुना घेणे मात्र सोपे नाही. कोवळ्या रोपाची पाने आणि जुन्या झाडाची पाने इतकी वेगळी असतात की, ती दोन झाडांची वाटावीत. त्यामुळे कळी, फळ व बी हवेच. टेरेटिकॉर्निसच्या कळीची टोपी लांब शिंगासारखी आणि बी काळसर असते. कॅमाल्डुलेन्सिसचे बी पिवळसर. खोडाची साल कागदावर मावत नाही. ती गुळगुळीत की खरखरीत, हे चिठ्ठीवरच लिहावे लागते. त्यात संकराची भर पडते. कर्नाटकातून सर्वत्र पसरलेला ‘म्हैसूर गम’ दीर्घकाळ केवळ ‘युकॅलिप्टस हायब्रिड’ म्हणून ओळखला गेला. तो मुख्यतः टेरेटिकॉर्निसच असल्याचे अभ्यासक मानतात.

मद्रासमध्ये १८५३ साली ह्यू क्लेगहॉर्न यांच्या संग्रहातून उभे राहिलेले ‘मद्रास हर्बेरियम’ आज कोइंबतूरमध्ये भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेकडे आहे. तेथील जुन्या नमुन्यांना आता नवे महत्त्व आले आहे. तमिळनाडू सरकारने आक्रमक वनस्पतींविषयीचे धोरण २०२२ मध्ये स्वीकारले असून परकी वृक्ष हटवून मूळचे शोला वन व गवताळ प्रदेश पुन्हा उभे करण्याचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढेही आला आहे. निलगिरी काढल्यावर तेथे काय लावायचे, याचे उत्तर लागवडीपूर्वी त्याच डोंगरांवरून गोळा केलेल्या स्थानिक वनस्पतींच्या नोंदींत सापडू शकते.

स्वतः निलगिरीच्या नोंदी वाचताना मात्र सावधगिरी हवी. संग्राहकांचा कल रानटी वनस्पतींकडे असतो. लावलेले झाड अनेकदा वगळले जाते. त्यामुळे नमुना नाही म्हणून वृक्ष नव्हता, असे म्हणता येत नाही. उलट, चिठ्ठीवर ‘लागवडीतील’ हा शब्द नसेल, तर बागेतले एखादे झाड संगणकीय नकाशावर जंगली म्हणून उमटते.