फिरत्या घरातले दिवे : बल्ब बदलण्याआधी बॅटरीचा हिशेब

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. मोटारहोम, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, तिच्यातले जुने दिवे काढून एलईडी लावायचे. एक बल्ब काढायचा, दुसरा लावायचा, त्यात सांगण्यासारखं काय? चित्रकोटला एक रात्र काढेपर्यंत मलाही असंच वाटत होतं.

आमची गाडी म्हणजे जुनी प्रवासी व्हॅन, इथेच रायपूरला टाटीबंधकडच्या एका गॅरेजमध्ये आतून बांधून घेतलेली. छतात सहा छोटे हॅलोजन, दाराशी दोन दिवे, एक पंखा, एक बॅटरीवर चालणारा छोटा फ्रिज. फ्रिज हौसेचा नाही, बाबांच्या इन्सुलिनसाठी घेतलेला. मे महिन्यात आम्ही कांकेर, केशकाल घाट करत जगदलपूरला गेलो आणि पुढे चित्रकोटला मुक्काम केला. रात्री जेवण झालं, मुलं पत्ते खेळत बसली, दिवे चालूच. पहाटे जाग आली ती शांततेने. फ्रिजची घरघर बंद होती. आतल्या थर्मामीटरवर २६ अंश.

इन्सुलिन फेकावं लागलं नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलं आणि जगदलपूर गाठलं. पण तिथल्या औषध दुकानदाराने पेटीवरचा मजकूर दाखवला: फ्रिजबाहेर आलेलं पेन साधारण चार आठवड्यांत वापरायचं. तीन महिन्यांचा साठा एका रात्रीत महिन्याभराचा झाला.

बॅटरी खराब आहे असं मी धरून चाललो होतो. ती चांगली होती. चुकला होता माझा हिशेब, आणि तो मी आधी कधी केलाच नव्हता. आता करू. आठ दिवे, प्रत्येकी १० वॉट, म्हणजे ८० वॉट. चार तास चालले की ३२० वॉट-तास. त्याला १२ व्होल्टने भागा, जवळपास २७ अँपिअर-तास. फ्रिज ४५ वॉटचा, पण त्याचा कॉम्प्रेसर साधारण निम्मा वेळ चालतो असं धरा. बारा तासांत २२ ते २३. पंखा २० वॉट, आठ तास, म्हणजे १३. बेरीज ६२. बॅटरी १०० अँपिअर-तासांची, पण ती लेड-अ‍ॅसिडची. ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी करत राहिलं तर तिचं आयुष्य पटापट घटतं, म्हणून हाताशी धरायचे ५०. आमच्या फ्रिजमध्ये बॅटरी फार उतरू नये म्हणून ठरावीक व्होल्टेजखाली आपोआप बंद पडण्याची सोय आहे. त्याने त्याचं काम चोख केलं होतं.

हेच आठ दिवे दोन-दोन वॉटचे एलईडी असते तर? १६ वॉट, चार तास, ६४ वॉट-तास, म्हणजे पाच अँपिअर-तासांच्या आसपास. बेरीज ४१. त्या रात्री फ्रिज चालू राहिला असता. उजेडातही तोटा नाही: हॅलोजन एका वॉटमागे १२-१४ ल्युमेन देतो, बरा एलईडी ८० ते १००. हॅलोजनची बाकीची वीज उष्णता होते. रायपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या गाडीत वरून आणखी आठ छोट्या शेगड्या कशाला हव्यात!

घरी आल्यावर मी पहिली चूक केली ती इथे. स्वस्तातले आठ एलईडी आणले, पाकिटावर ठळक ‘१२ व्होल्ट’. दोन महिन्यांत तीन गेले, एक लुकलुकायला लागला. दुकानदार म्हणाला, चिनी माल, असंच असतं. पण कारण वेगळं होतं, आणि आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच आहे.

गाडीतले १२ व्होल्ट कधीच १२ नसतात. भरलेली, स्वस्थ पडलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी १२.७ दाखवते. निम्मी झाली की १२.२ च्या आसपास. इंजिन चालू केलं की अल्टरनेटर १४ च्या वर नेतो, चार्जर किंवा सौर पॅनेलने भरताना १४.४, कधी त्याहूनही जास्त. तारेच्या दिव्याला याचं फार काही वाटत नाही, तो जरा जास्त पेटतो इतकंच. एलईडीचं तसं नाही. स्वस्त बल्बात तीन-तीन एलईडी एका रांगेत आणि सोबत एक रेझिस्टर असतो. पांढऱ्या एलईडीला तीनच्या थोडे वर व्होल्ट लागतात, तिघांना मिळून साडेनऊ धरा. १२ व्होल्टला रेझिस्टरवर अडीच उरतात. १४.५ झाले की पाच. म्हणजे बल्बातून जाणारा प्रवाह जवळजवळ दुप्पट! संध्याकाळी चालत्या गाडीत मुलं दिवे लावून बसतात, घरी चार्जर लावून आपण आत आवराआवर करतो. बल्ब तेव्हा भाजत असतात.

चांगल्या बल्बात रेझिस्टरच्या जागी छोटा ड्रायव्हर असतो. व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी तो एलईडीतला प्रवाह ठरावीक ठेवतो. अशा बल्बावर ‘१० ते ३० व्होल्ट’ किंवा ‘९ ते ३०’ असा पल्ला लिहिलेला असतो. नुसतं ‘१२’ असेल तर ठेवून द्या. छापलेल्यावर विश्वास नसेल तर तपासायला सोपं आहे. बल्बाच्या वायरीत मल्टिमीटर जोडून प्रवाह मोजा, एकदा इंजिन बंद असताना, एकदा चालू असताना. रेझिस्टरवाल्यात प्रवाह वाढतो. ड्रायव्हरवाल्यात किंचित घटतो, कारण वॉट तेवढेच राहतात. मी रवी भवनातल्या एका दुकानात, टेबलावरच्या सप्लायवर, सहा प्रकारचे बल्ब असे पाहिले. ‘१० ते ३०’ छापलेल्यांपैकी एकात ड्रायव्हर नव्हताच.

आता बसवणं. जुना बल्ब काढून खिशात घाला आणि बाजारात जा, नावं पाठ करायची गरज नाही. छतातल्या हॅलोजनला दोन बारीक पिना असतात, त्याला जी४ म्हणतात. त्याच्या एलईडी चकतीला पिना मागे आहेत की बाजूला हे बघा, नाहीतर सगळा उजेड छताकडे जाईल. दोन्ही टोकांना टोप्या असलेली काचेची नळी म्हणजे फेस्टून. ती मिलिमीटरने मोजून घ्या, ३६ आणि ४१ दिसायला सारखे, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. बल्ब लावला आणि पेटला नाही तर उलटा करून बघा, काही एलईडींना धन-ऋण कळतं. जुन्या गाड्यांत छोटी ट्यूबलाइट असेल तर मात्र नुसती नळी बदलू नका. तिच्या मागची चोक-पेटी जास्त व्होल्टेज तयार करते, ती आधी सोडवावी लागते.

आणि बस किंवा ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी असेल तर तिथे बहुधा २४ व्होल्ट असतात. मोजल्याशिवाय काही लावू नका.

बरेच जण विचारतात, घरचेच ९ वॉटचे एलईडी का नकोत? उजाला योजनेपासून ते घरोघरी आहेत, स्वस्त आहेत. काही गॅरेजवाले इन्व्हर्टर टाकून तेच लावूनही देतात. चालतं, पण इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तरी काही वॉट खातो, आणि रात्रभर एक छोटा दिवा हवा म्हणून तो चालू ठेवणं म्हणजे चिमणीसाठी चूल पेटवणं. बॅटरीजवळ आहात तर बॅटरीचेच दिवे लावा.

रंग पिवळसर घ्या, २७०० ते ३००० केल्विन. पांढऱ्याफेक उजेडात गाडी दवाखान्यासारखी दिसते. शिवाय निळसर उजेडाकडे किडे जास्त येतात. बस्तरमध्ये पावसाळ्यात दार उघडं ठेवून बसलात की ते लगेच कळेल. एक तक्रार ड्रायव्हरवाल्या बल्बांची: काहींमुळे एफएमवर खरखर येते. आमच्याकडे दाराशी असलेला एक त्यासाठीच बदलावा लागला. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीचा तापही ड्रायव्हरला सोसत नाही, म्हणून हॅलोजनच्या बंद काचेच्या टोप्या मी काढून हवा खेळेल अशा जाळीच्या लावल्या.

शेवटी फ्यूज, आणि हे टाळू नका. जुन्या दिव्यांना मिळून साडेसहा-सात अँपिअर लागत होते, नव्यांना दीडच्याही आत. मग फ्यूज १५ चा कशाला? मी उघडलं तेव्हा तिथे फ्यूजही नव्हता, तांब्याची तार पिळून लावलेली होती. वायर कुठे खरचटून पत्र्याला टेकली असती तर बॅटरीने तिच्यातून शेकडो अँपिअर सोडले असते आणि लाकडी छताच्या आत आधी वायर पेटली असती. दिव्यांच्या फाट्यावर आता ३ अँपिअरचा फ्यूज आहे, बॅटरीपासून वीतभर अंतरावर.

गाडीच्या बाहेरच्या दिव्यांना, हेडलाइटला वगैरे, या भानगडीत हात लावू नका. तिथे मोटार वाहन कायदा आड येतो, आणि समोरच्याचे डोळेही.

हिशेबात आता सर्वांत मोठा आकडा फ्रिजचा उरला आहे. तो कमी कसा केला, ते पुढच्या भागात.