सोयरीक जुळवताना रक्ताचा कागदही पाहा

या पानावर मी एरवी बियाणे, खत आणि किडीबद्दल लिहितो. आज विषय थोडा वेगळा, पण तुमच्या घरातलाच आहे.

गेल्या पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत एका बांधीवर गेलो होतो. धुऱ्यावर बारा वर्षांचा पोरगा हातपाय धरून कण्हत बसलेला. रक्त तपासले होते, सिकलसेल निघाला होता. आजी मला म्हणाली, “साहेब, हिच्या माहेरचं दुखणं आमच्या घरात आलं.” पोराची आई मान खाली घालून रोप लावत राहिली. त्या माउलीवरचा आरोप खोटा आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

फेरफार कुठे होतो?

सातबाऱ्यावर एक आकडा चुकीचा पडला, तर पुढच्या प्रत्येक नकलेत तीच चूक उतरते. शरीराचेही तसेच आहे. रक्तातला लाल पदार्थ, म्हणजे हिमोग्लोबिन, कसा बनवायचा याची नोंद प्रत्येक पेशीत असते. तिला जनुक म्हणतात. सिकलसेलमध्ये या नोंदीतले फक्त एक अक्षर बदललेले असते. त्यामुळे ऑक्सिजन कमी पडला की गोल, लवचिक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही मात्र १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अंगात रक्त राहत नाही, डोळे पिवळे दिसतात. ही ना करणी, ना मागच्या जन्मीचे पाप. हा आजार शिवल्याने, सोबत जेवल्यानेही होत नाही.

दोष एकट्या आईचा नाही

या नोंदीच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. एकच प्रत बिघडलेली असेल तर माणूस ‘वाहक’, म्हणजे ए-एस. तो शेतात राबतो, धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तरच एस-एस, म्हणजे आजारी. याचा अर्थ, एस-एस मुलाला एक प्रत आईने दिली, तर दुसरी बापाने दिलीच आहे. मग सुनेला एकटीला बोल का?

नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि निर्दोष असण्याची चारात एक. ‘एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली’ असा हिशेब करू नका. गाय दोनदा गोऱ्हा व्याली म्हणून तिसऱ्यांदा कालवड होईलच असे नाही, तसेच हे आहे.

आपल्याच भागात का?

जिथे हिवताप पिढ्यान् पिढ्या होता, तिथे वाहक माणसे हिवतापाने कमी दगावली. म्हणून ही नोंद टिकली. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या भागांत, विशेषतः आदिवासी समाजात, ती अधिक आढळते. इतर समाजही यातून सुटलेले नाहीत. तेव्हा कोणत्याही जातीला नावे ठेवण्याचे कारण नाही.

करायचे काय?

लग्नाआधी मुलगा आणि मुलगी दोघांचेही रक्त तपासा. पत्रिका जुळली, पण दोघेही ए-एस निघाले, तर दहादा विचार करा. एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर खुशाल लग्न लावा, त्यांचे एकही मूल या आजाराचे होणार नाही. वाहक मुलीची सोयरीक मोडू नका, जोडीदाराचा कागद बघा. दोघेही वाहक असून लग्न झालेच असेल, तर दिवस राहताच डॉक्टरांना भेटा. गर्भाची तपासणी मोठ्या दवाखान्यांत होते.

घरात रुग्ण असेल तर त्याला भरपूर पाणी पाजा. कडक उन्हात, थंड पाण्यात तासन् तास राबवू नका. ताप आला तर घरी थांबू नका. फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या. लोहाच्या गोळ्याही मनाने देऊ नका.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली, उद्दिष्ट २०४७ चे आहे. पण ते मोहिमेच्या फलकाने गाठले जाणार नाही. सरपंच, पोलिस पाटील यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा, आशाताई आणि अंगणवाडीताईंना बोलू द्यावे. तपासणीचा निकाल मात्र चावडीवर वाचू नये, तो ज्याच्या त्याच्या हातात द्यावा.

पेरणीआधी आपण बियाण्याची उगवण तपासतो. लेकरांसाठी बोटाला एक टोचणी जड नाही.