पोरीले इचारलं का?

रात्रीचे दोन वाजून गेले होते. भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातल्या एका गावात, नुकतेच धान निघालेल्या बांध्यांच्या कडेला नाटकाचा शामियाना पडला होता. मंचावर पन्नाशीतला एक विधुर बाप आरशासमोर उभा राहून केसांना तेल लावत होता. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच. गावातल्या एका विधवेशी त्याचं जमू लागलं होतं. भांग डावीकडे पाडला, पुसला, उजवीकडे पाडला. दारात उभी असलेली त्याची मुलगी हे सगळं पाहत होती. शामियाना हसून लोटपोट झाला. माझ्या पुढ्यात घोंगडी पांघरून बसलेली एक म्हातारी मात्र हसली नाही. शेजारणीला म्हणाली, "बाई आनते त आनू दे बापा. पन पोरीले इचारलं का त्यानं?"

तिच्या आजूबाजूच्या चार-पाच जणींचं हसू तिथंच थांबलं आणि त्या मंचाकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागल्या. त्या एका वाक्यानं खेळच बदलून गेला. तेव्हापासून मला हे कोडं पडलं आहे. विधुर बापाच्या प्रेमाची हसरी गोष्ट लोक नेमकी कशाच्या जोरावर स्वीकारतात, आणि कशामुळे नाकारतात?

भंडाऱ्यात हे कोडं सोडवायला बसण्यासारखी जागा दुसरी नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. इथं दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला कित्येक मंडळ्यांची ठाणी आहेत. तिथून कलावंत रोज नव्या गावाला निघतात. गावात मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठं बैलांच्या शर्यतींचा शंकरपट होतो, आणि रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालतं. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. त्याआधी कित्येक पिढ्या इथली माणसं थंडीत कुडकुडत रात्ररात्र नाटकं पाहत होती.

शामियान्याची रचनाच मोठी हुशारीची असते. प्रेक्षक बसतात ती जमीन मंचाकडे उतरती खोदायची आणि निघालेल्या मातीचा मंच रचायचा. मागच्या माणसाला पुढच्याचं डोकं आड येत नाही. त्या उतारावर अख्खं घर एका तट्ट्यावर बसतं. आजी, सून, मंडईसाठी माहेरी आलेली लेक, तिची पोरं, दाराशी उभा जावई. शहरात आपण सिनेमा आपल्या वयाच्या माणसांसोबत पाहतो आणि मत घरी जाऊन देतो. इथं तीन पिढ्यांचं मत एकाच वेळी, एकमेकांच्या कानात, खेळ चालू असतानाच तयार होतं. आवडलेल्या प्रवेशाला बक्षीस येतं, देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारलं जातं. नट ते ऐकतो आणि पुढचं वाक्य त्या बेतानं टाकतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मंडईच्या दिवसांत इथं सोयरिकी जुळतात. पाहुणे आलेले असतात, मुलगा-मुलगी नजरेखालून जातात. मंचावर लग्नाचा पेच चालू असताना खाली बसलेल्या कितीतरी घरांत खऱ्या लग्नाचा हिशेब चालू असतो. म्हणून म्हातारीचा प्रश्न नुसता नाटकाला उद्देशून नव्हता.

दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणाऱ्याला मराठीत शब्द आहे बिजवर. बीज म्हणजे द्वितीया, भाऊबिजेतली तीच बीज. झाडीपट्टीत नाटकांची चाहूल लागते तीही भाऊबिजेच्या सुमारास. मला हा योग फार गोड वाटतो. पण मराठी रंगमंचानं बिजवराला आधी गोड मानलं नव्हतं. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ मध्ये किर्लोस्कर मंडळीनं रंगमंचावर आणलं. त्यातला पैसेवाला म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघतो आणि तिचा बाप कांचनभट पैशासाठी तिला द्यायला तयार होतो. प्रेक्षक भुजंगनाथाला हसले आणि ते हसू रागानं भरलेलं होतं. पुढं १९३७ मध्ये 'प्रभात'च्या 'कुंकू'त व्ही. शांतारामांनी तोच प्रश्न घराच्या आत नेला. शांता आपटेंची नीरा फसवून झालेलं लग्न मानायलाच तयार नाही. केशवराव दाते यांनी उभा केलेला नवरा मोठ्या मुलामुलींचा बाप आहे. आणि त्याच्या घरात नीरेच्या बाजूनं कोण उभं राहतं? त्याची स्वतःची मुलगी. शकुंतला परांजपे यांनी केलेली ही भूमिका मला सगळ्या सिनेमाची किल्ली वाटते. बापाच्या लग्नावर निकाल द्यायचा अधिकार लेकीचा, हे तिथं पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

पण भुजंगनाथाची गोष्ट मुख्यतः पांढरपेशा घरांची. झाडीत चित्र वेगळं होतं. इथल्या कितीतरी जातींत विधवेचा पाट लागत असे, त्यात आडपडदा नव्हता. पुण्याकडे विधवाविवाहावरून रणं माजली, तेव्हा इथल्या शेतकरी घरांत तो चालत आलेला रिवाज होता. भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्या प्रांताच्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये निघाला. त्यात या रिवाजाच्या नोंदी जागोजाग सापडतात, आणि त्यांतल्या एका नोंदीनं मी थक्क झालो. काही जातींत दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाची चांदीची प्रतिमा गळ्यात घालत असे. गेलेली सवत हटवायची नाही, गळ्याशी बाळगायची. नवं मंगळसूत्र आणि ती प्रतिमा एकाच छातीवर! त्यामागे तिच्या कोपाची भीती होती, हे खरं. तरीही मेलेल्या बाईला घरातली जागा द्यायची ही रीत मला फार मोठी वाटते.

आता जगातल्या दोन गाजलेल्या चित्रपटांकडे पाहा. १९९३ च्या 'स्लीपलेस इन सिएटल'मध्ये आठ वर्षांचा जोना नाताळच्या आदल्या रात्री रेडिओवर फोन करून सांगतो, की माझ्या बाबांना बायको हवी आहे. देशभरातून पत्रांचा पाऊस पडतो. १९९८ च्या दिवाळीत आलेल्या 'कुछ कुछ होता है'मध्येही मुलगी आठच वर्षांची, तिथंही पत्रं. मरणाऱ्या आईनं लेकीला आठ वाढदिवसांसाठी आठ पत्रं लिहून ठेवलेली असतात, आणि आठव्या पत्रात बापाची सोयरीक लेकीच्या हाती सोपवलेली असते. दोन्हींत गेलेली आईही परत दिसते. एकात बापाच्या शेजारी सोफ्यावर, दुसऱ्यात लग्नाच्या वेळी लेकीला अंगठा उंचावून दाखवताना. ही चांदीची प्रतिमाच नाही का? तिची संमती पडद्यावर आणल्याशिवाय हॉलिवूडलाही पुढं जाता आलं नाही, मुंबईलाही नाही.

त्याआधी, १९७८ मध्ये, बासू चटर्जींच्या 'खट्टा मीठा'त अशोक कुमार चार मुलांचा विधुर बाप आणि पर्ल पदमसी तीन मुलांची विधवा आई होती. तिथं सगळी गंमत पोरांच्या भांडणातूनच उभी राहते. मोठ्यांचं जमायला वेळ लागत नाही, घर जमायला लागतो.

म्हणून मला आता असं वाटतं, की बिजवराच्या वयाला लोक एकदा हसतात आणि सोडून देतात. पण लेकराला न विचारणारा आणि गेलेलीला पुसून टाकणारा बाप त्यांना सोसत नाही. शारदेला ना तिच्या बापानं विचारलं होतं, ना भुजंगनाथानं. जोनाला कुणी विचारायची गरजच पडली नाही, त्यानं स्वतःच फोन उचलला. तेल लावणाऱ्या त्या बापाला लोक हसले ते मायेनं, पण म्हातारीनं त्याची रिकामी जागा बरोबर पकडली होती.

नाटकात त्यानं मुलीला शेवटपर्यंत विचारलंच नाही. पहाटे चारच्या सुमारास लग्नाचा प्रवेश झाला, पेटीवाल्यानं सूर चढवला, बक्षिसं पुकारली गेली. मुलगी मंचाच्या कोपऱ्यात अक्षता घेऊन उभी होती, तिला एकही वाक्य नव्हतं.

पडदा पडला तेव्हा तलावावर धुकं होतं. म्हातारीच्या मांडीवर झोपलेली सात-आठ वर्षांची नात डोळे चोळत उठली. "आजी, मंग काय झालं वो?"

म्हातारीनं घोंगडी झटकली, तिच्या डोक्यावर घातली आणि बांधीच्या पाळीवरून चालता चालता सांगू लागली. मी मागून चाललो होतो. "मंग काय, बापानं पोरीले जवळ बसवलं. म्हनला, मायच्या फोटोजवळ चाल, दोघं मिळून तिले इचारू..."

धुक्यात त्या दोघी पुढं गेल्या. पोरीनं मधेच काहीतरी विचारलं, आणि आजी थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.