पॉलिश लाकडावर बसावे, छातीत नको

महाड-पोलादपूर भागात आपल्या अनेक बांधवांचे घर रंगकाम, पॉलिश आणि फर्निचरच्या कामावर चालते. पूर्वी कापडाच्या बोळ्याने लाखेचे पॉलिश हाताने चढवत. आता दारे, कपाटे, सोफे यांवर कॉम्प्रेसर आणि स्प्रे गनने लॅकर, मेलामाइन किंवा पीयू मारतात. काम झटपट होते, चकाकीही छान येते. पण गन नीट लावलेली नसेल तर निम्म्याहून अधिक माल लाकडावर न बसता धुके होऊन उडू शकतो. ते धुके मारणाऱ्याच्याच नाकातोंडात जाते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही गन लावण्याविषयी सांगत आहोत.

आधी हवा कोरडी करा

आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओलीचिंब असते. कॉम्प्रेसर हीच हवा दाबतो, त्यामुळे टाकीच्या तळाशी पाणी साचते. रोज सकाळी तळाचा नळ उघडून ते काढा; पावसाळ्यात दुपारीही काढा. नळीच्या वाटेवर पाणी अडवणारा फिल्टर बसवा. फार दमट दिवशी लॅकरवर पांढरट झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा त्यावर बसतो, हे तिचे कारण. अशा दिवशी दाब वाढवून काही साधत नाही. काम पुढे ढकलावे.

दाब लागेल तेवढाच

माल गाळून घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच थिनर घाला. लॅकर किंवा पीयूच्या शेवटच्या हातासाठी साधारण १.३ ते १.४ मिलिमीटरचे नोझल चालते. मग भिंतीला पुठ्ठा टेकवून चाचणी घ्या. घोडा दाबून धरलेला असतानाच मीटर पाहा, कारण हवा वाहू लागली की दाब उतरतो. २० पीएसआयपासून सुरुवात करा आणि ५-५ ने वाढवा. पट्ट्याच्या मध्यापासून कडेपर्यंत थेंब सारखे बारीक दिसू लागले की तिथेच थांबा. त्यापुढचा दाब फक्त धुके वाढवतो. मात्र गनवर कंपनीने जास्तीत जास्त दाब लिहिलेला असतो, तो ओलांडू नका. कमी दाबाची, एचव्हीएलपी प्रकारची गन मिळाली तर उत्तम. तिने माल कमी उडतो.

पुठ्ठ्यावरचा पट्टा दोष सांगतो. मध्ये जाड, कडेला विरळ असेल तर दाब कमी किंवा माल घट्ट आहे. दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये रिकामा असेल तर दाब जास्त किंवा माल पातळ आहे. केळ्यासारखा वाकडा आला तर एअर कॅपच्या एका बाजूचे भोक बुजले आहे. ते लाकडी काडीने साफ करा. तारेने भोक बिघडते. गन अडखळत थुंकत असेल तर कपाच्या झाकणाचे भोक, सैल नोझल आणि कपातला माल तपासा.

मारताना गन लाकडापासून सहा ते आठ इंचांवर आणि सरळ समोर धरा. मनगट फिरवू नका, पूर्ण हात सरकवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवा. कडेला पोहोचताच घोडा सोडा.

रुमालाने वास थांबत नाही

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा साधा कापडी मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी कोळशाची डबी आणि पुढे कणांचा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क लागतो. दाढी वाढलेली असेल तर तो नीट बसत नाही.

दोन डब्यांच्या पीयूबाबत जास्त जपा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याने दमा जडू शकतो आणि एकदा शरीर त्याला बिथरले की पुढे थोड्याशा धुक्यानेही धाप लागते. त्याचा वास आला नाही म्हणून धोका नाही असे समजू नका. अशा कामाला बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क हवा. तो नसेल तर पीयू फवारू नका. हाताने लावता येईल असे दुसरे पॉलिश निवडा. मास्कचा खर्च कामगाराच्या मजुरीतून जाऊ नये. लाकूड आणि पॉलिशप्रमाणे तोही कामाच्या खर्चात धरलाच पाहिजे.

दारे-खिडक्या उघड्या ठेवा. कॉम्प्रेसर फवारणीच्या जागेबाहेर ठेवा. थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीने पेट घेते. म्हणून विडी, चूल आणि साधा टेबलफॅन लांब ठेवा. गन धुताना हातमोजे घाला. थिनरने हातपाय धुऊ नका, साबण वापरा. लहान मुलांना आणि गरोदर बायांना तिथे फिरकू देऊ नका.

दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने छाती साफ होते, असे पुष्कळजण मानतात. दूध-गूळ पोटात जातो, वाफ फुप्फुसात. दूध जरूर प्या, पण मास्क घालून काम झाल्यावर.

ही खूण ओळखा

संध्याकाळी किंवा रात्री खोकला, छातीत घरघर, दम लागणे; जयंतीसाठी आठवडाभर काम बंद राहिले की बरे वाटते आणि काम सुरू झाले की त्रास परत येतो. ही खूण दिसली तर त्रास कामाचाच असण्याची शक्यता मोठी. नुसते खोकल्याचे औषध घेऊन दिवस ढकलू नका. डॉक्टरांकडे जाताना हार्डनरच्या डब्यावरील लेबलचा फोटो सोबत न्या आणि आपण काय फवारतो ते स्वतःहून सांगा. लवकर ओळखून त्या मालापासून दूर झालेल्या माणसाला बरे होण्याची संधी जास्त असते.

उद्या काम सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे काढा आणि पुठ्ठ्यावर एक पट्टा मारून पाहा.