अपशिंगे मिलिटरी : शिलेवरची संख्या आणि घरातली नावे

सातारा तालुक्यात, कृष्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर वसलेल्या अपशिंगे या गावाचे नाव टपालाच्या पाकिटावर असो, एस.टी.च्या पाटीवर असो, की मामलेदार कचेरीच्या दप्तरात असो, त्याच्या मागे ‘मिलिटरी’ हे उपपद लागल्याखेरीज ते पुरे झाल्यासारखे वाटत नाही. आणि एखाद्या सरदाराला मिळालेला किताब त्याच्या वंशजांनी पिढ्यानुपिढ्या मिरवावा, तसा हा किताब येथे एका माणसाने नव्हे, तर साऱ्या गावाने धारण केलेला आहे. तो देणारे इंग्रजी राज्य मावळले, पण उपपद मागे राहिले, कारण ज्या गोष्टीमुळे ते मिळाले ती गोष्ट, म्हणजे घरटी निदान एक माणूस फौजेत असण्याची रीत, त्या राज्याबरोबर गेली नाही.

पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले, असे गाव सांगते, आणि त्यांच्या स्मरणार्थ तत्कालीन सरकारने उभारलेला स्तंभ आजही गावात आहे. शेचाळीस हा आकडा वाचताना जिभेवरून सहज निसटतो. परंतु शंभर वर्षांपूर्वीच्या एखाद्या मध्यम वस्तीच्या खेड्याचा विचार करावा, त्यातील कर्त्या वयाच्या पुरुषांची गणती करावी, आणि मग त्यातून चारपाच वर्षांच्या अवधीत शेचाळीस वजा करून पाहावेत, म्हणजे त्या वर्षांत येथे किती नांगर कोणाच्या हाती गेले असतील आणि किती उंबरठ्यांवरचे कुंकू पुसले गेले असेल याची थोडीफार कल्पना येते. त्यातच १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ आली, जिने मुंबई इलाख्यात लढाईपेक्षा कितीतरी अधिक माणसे नेली; त्यामुळे रणांगणावरून सुखरूप परतलेल्या कित्येक शिपायांना आपल्यामागे घरच ओस पडलेले आढळले.

सातारचा मुलूख लढवय्या कसा झाला, या प्रश्नाला इंग्रज अधिकाऱ्यांनी एक सोयीचे उत्तर शोधून ठेवले होते : काही जाती जन्मतःच लढाऊ असतात आणि काही नसतात. हे उत्तर किती पोकळ होते याचा दाखला त्यांच्याच कारभारात सापडतो. ज्या महार शिपायांनी कंपनी सरकारच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, त्यांची भरती १८९२ च्या सुमारास बंद करण्यात आली. १९१७ साली माणसांची चणचण भासताच १११ वी महार पलटण उभी राहिली. आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडण्यातही आली. लढाऊपणा रक्तात असता तर तो असा हुकमाबरहुकूम प्रकट आणि लुप्त झाला नसता. अपशिंग्यासारख्या गावांत शिवकालापासून तलवार धरण्याची परंपरा होती हे खरेच. पण त्या परंपरेच्या जोडीला बेभरवशाचा पाऊस, वाटण्या होतहोत लहान झालेले जमिनीचे तुकडे, सारा भरण्याची मुदत आणि सावकाराकडे गहाण पडलेले शेत, हेही होते. १९१४ साली साध्या शिपायाला दरमहा ११ रुपये तनखा मिळे. ही रक्कम आज कोणाला हास्यास्पद वाटेल. पण ज्या घरात वर्षभर रोख रुपयाचे दर्शन होत नसे, त्या घराला महिन्याच्या महिन्याला येणारी मनीऑर्डर म्हणजे आभाळाच्या मर्जीवर अवलंबून नसलेले एकमेव पीक होते.

मराठा पलटणींचा त्या युद्धातील सर्वांत जड हिस्सा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, खर्ची पडला. पुण्याच्या नावाने ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली टायग्रिस नदीच्या काठाने बगदादच्या रोखाने चढत गेली, टेसिफोन येथे अडली, मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. तेथील अन्नान्नदशेचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्यातील एक तपशील मात्र मला लढाईच्या हकिकतींपेक्षा अधिक बोलका वाटतो. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे मारून त्यांचे मांस शिपायांना देण्यात येऊ लागले, आणि हिंदी शिपायांतील बहुसंख्यांनी ते खाण्याचे नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची संमती बिनतारी यंत्राने मागवून त्यांना ऐकविण्यात आली, तरी कित्येक आठवडे त्यांचा निश्चय ढळला नाही. शास्त्र्यांनी परवानगी दिली असली तरी गावी परतल्यावर पंगतीला कोण बसू देईल, ही त्यांची शंका होती. अंगात शक्ती उरली नव्हती, हिरड्यांतून रक्त येत होते. आणि तरीही दीड हजार कोसांवरच्या एका चुलीचा आचार त्यांना सेनापतीच्या हुकमापेक्षा श्रेष्ठ वाटत होता. या हट्टाला कोणी अज्ञान म्हणेल. मला तो, जे घर पुन्हा पाहावयास मिळेल की नाही याची शाश्वती नव्हती, त्या घराचे सभासदत्व अखेरपर्यंत न सोडण्याचा आग्रह वाटतो. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शरणागती पत्करली, आणि त्यांतील कित्येक त्यानंतरच्या वाळवंटी पायपिटीत आणि कैदेत मरण पावले.

मेसोपोटेमियाच्या मोहिमेत ज्यांच्या कबरीचा ठावठिकाणा नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचे स्मारक बसऱ्यास आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. परंतु साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली केवळ एक संख्या आली. साम्राज्याच्या युद्धस्मारकांची देखभाल करणाऱ्या आयोगानेच नेमलेल्या समितीने हा पंक्तिप्रपंच २०२१ मध्ये स्पष्ट शब्दांत मान्य केला. आपल्याकडे सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतील गावोगावी, चावडीच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत, ज्या संगमरवरी पाट्या बसविलेल्या दिसतात, त्यांचाही साचा हाच : या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. शिलेने हिशेब ठेवला, नावे ठेवली नाहीत. नाव असलेली वस्तू एकच होती, आणि ती चावडीत नव्हे तर थेट घरात आली : सुमारे पाच इंच व्यासाची कांस्याची एक गोल तबकडी, जिच्यावर ब्रिटानियेची आणि सिंहाची आकृती असून कडेला हुद्द्याशिवाय केवळ मृताचे नाव उठविलेले असे. नाव रोमन लिपीत असल्यामुळे ज्या माउलीच्या हाती ती पडली तिला ते वाचता येण्याचा संभव नव्हताच. बोटाने चाचपता तेवढे आले असेल.

मग ती शेचाळीस नावे, आणि गावोगावची तशीच शेकडो नावे, जतन कोणी केली? या प्रश्नापाशी आले म्हणजे स्तंभ सोडून घरात शिरावे लागते. आपल्या जुन्या गृहव्यवस्थेने रणात पडलेल्यासाठी काही जागा आधीच राखून ठेवल्या होत्या. देह मिळाला नाही तर पालाशविधी होता. दर्भाची आणि पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी दिला जाई, म्हणजे परमुलखात हरवलेल्या माणसाचे सुतक घरात रीतसर सुरू होऊन रीतसर संपे. मृत्यूची तिथी ठाऊक नसली तरी अडत नसे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला आपल्याकडे घातचतुर्दशी म्हणतात. शस्त्राने मेलेल्यांच्या श्राद्धाची ती तिथी. पितृपंधरवड्यात इतर पूर्वजांचे म्हाळ त्यांच्या त्यांच्या तिथीला होतात, परंतु लढाईत पडलेल्याला साऱ्या पंचांगात एक स्वतंत्र दिवस दिलेला आहे, याचा अर्थ असा की कोणत्याही सरकारने स्मृतिदिन जाहीर करण्याच्या शेकडो वर्षे आधी आमच्या स्वयंपाकघरांनी तो पाळावयास सुरुवात केली होती. त्या दिवशी पानावर काय वाढावयाचे, त्याला कोणती भाजी आवडे आणि कोणती तो ताटाच्या कडेला सारीत असे, हे सांगणारी घरात एकच व्यक्ती असे. ती गेल्यावर तिची सून सांगू लागे, जिने त्याला कधी पाहिलेलेही नसे. आणि पुढे घरात मुलगा जन्मला की त्याच्या कानात बहुधा तेच नाव सांगितले जाई; अशा रीतीने बसऱ्याच्या दगडावर ज्याला स्थान मिळाले नाही ते नाव पाळण्यातून पुन्हा हजेरीपटावर चढे.

दगडात वीराला स्थान देण्याची आपली स्वतःची रीतही होती, आणि ती पाहावयास याच जिल्ह्यात वाई तालुक्यातील किकली येथे, चंदन-वंदन गडांच्या पायथ्याशी, भैरवनाथाच्या देवळाभोवती जावे. तेथे वीरगळ रांगेने मांडलेले आहेत : तळाच्या पट्टीत झुंज, मधल्या पट्टीत वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, वरच्या पट्टीत शिवपिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. यांतील बहुतेक दगडांवर नाव नाहीच. पण संख्याही नाही. एका दगडावर एकच माणूस, एवढा मान त्या अनाम शिल्पकाराने प्रत्येकाला दिला आहे.

अपशिंग्याचे आणि आसपासच्या खेड्यांचे जुने घर म्हणजे दगडमातीच्या भिंती, पुढे सोपा, आत माजघर, त्याच्या अंधाऱ्या कोपऱ्यात देव्हारा, कणगी, उतरंड, आणि भिंतीलगत जाते. पुरुष पलटणीत गेला की सोपा ओस पडे आणि घराचे सारे राज्य माजघरात एकवटे. आलेल्या मनीऑर्डरीवर अंगठा उठवून रक्कम मोजून घेणे, त्यातून प्रथम गहाणाचे व्याज, मग बियाणे, मग दीराच्या नाहीतर नणंदेच्या लग्नाची तजवीज, आणि उरलेच तर अंगावरचे लुगडे, हा क्रम लावणारी सासू लिहिणे-वाचणे जाणत नसली तरी तिच्या जमाखर्चात खोट निघत नसे. भाऊ चार असतील तर चारही एका वेळी जाऊ नयेत, एक जण औताला राहावा, हा दंडक बहुधा तिचाच. पोराला निरोप देताना तिने काय सांगितले असेल याची कल्पना करताना आपले वक्ते थेट जिजाऊंच्या ओजस्वी संवादांपर्यंत जातात. मला मात्र वाटते की तिने वेळेवर जेव, थंडीत कानाला बांध, आणि कोणाचे उसने ठेवू नको, एवढेच सांगितले असावे, आणि परमुलखात तेच अधिक कामास आले असेल. तिचे उरलेले बोलणे पहाटे जात्यापुढे होई. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. लेक, भाऊ, माहेर, सासर, देव आणि दुष्काळ यांविषयी बायकांनी जे कोणापुढे उघड बोलून दाखविले नाही, ते त्या संग्रहात दळणाच्या लयीत सुरक्षित राहिले आहे. गिरणी आली, जाती अंगणात उपडी पडली, आणि ओव्यांची ती शाळा बंद झाली. हे नुकसान मोजण्याचे माप आपल्यापाशी नाही.

स्वातंत्र्यानंतर भरतीची कारणे बदलली, प्रमाण फारसे बदलले नाही. देशातील पहिली सैनिकी शाळा २३ जून १९६१ रोजी सातारा येथेच निघाली, हा काही योगायोग नव्हे. धरणांचे पाणी शेतात आले, उसाने ज्वारीची जागा घेतली, धाब्याच्या घरांवर स्लॅब पडले, ११ रुपयांची निकड उरली नाही. तरीही पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी पोरे या भागात ठायी ठायी दिसतात. जिल्ह्यातील पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना धारातीर्थी पडले. त्यानंतर दोन लेकरांच्या आई असलेल्या त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी निवडीच्या कसोट्या पार केल्या, चेन्नईच्या अकादमीत स्वतःहून कितीतरी लहान मुलींबरोबर खडतर शिक्षण पुरे केले, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट म्हणून सैन्यात रुजू झाल्या. माजघर आणि पलटण यांच्यामधला उंबरठा शंभर वर्षे एकाच दिशेने ओलांडला जात होता. तो येथे घरातल्या बाईने ओलांडला.

अपशिंग्यास भेट देऊ इच्छिणाऱ्याने भव्य वास्तूची अपेक्षा धरू नये. स्तंभ पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. त्याऐवजी एखाद्या सोप्यावर बसावे आणि भिंतीवर टांगलेल्या गणवेषातील छायाचित्रांविषयी विचारावे. आजोबा कोणत्या पलटणीत, चुलते कोणत्या सरहद्दीवर, थोरला सध्या कोठे, याची उत्तरे घरातील स्त्रियाच पुरुषांपेक्षा बिनचूक देतील. ज्यांच्या घरी पहिल्या महायुद्धात गेलेल्या पूर्वजाचे केवळ नाव उरले आहे, त्यांना आता युद्धस्मारक आयोगाच्या संगणकीय नोंदींत शोध घेता येतो. पुष्कळ हिंदी शिपायांच्या नोंदीपुढे पलटण, मृत्यूची तारीख, आणि अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका असा तपशील मिळतो. म्हणजे दगडाने जे दिले नाही ते कागदाने उशिरा का होईना दिले. त्या नोंदींत ‘अमक्याचा’ म्हणजे बापाचा. आईचे नाव क्वचितच. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मणाऱ्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम सक्तीचा केला आहे. भरतीचे आजचे किमान वय साडेसतरा वर्षांचे धरले, तर त्या मुलांची पहिली तुकडी २०४१ च्या अखेरीस साताऱ्याच्या मैदानावर धावण्यास उभी राहील, आणि हजेरी घेणाऱ्या हवालदाराला प्रत्येक रंगरुटाच्या नावामागोमाग त्याच्या आईचे नाव पुकारावे लागेल.