गेल्या उन्हाळ्याची शिंक

फेब्रुवारी उजाडला की जपानच्या दूरचित्रवाणीवर पाऊस आणि तापमान यांच्या जोडीला आणखी एक नकाशा दिसू लागतो. आज हवेत पराग कुठे कमी, कुठे जास्त, कुठे अतिशय जास्त, हे तो सांगतो. हा पराग मुख्यतः एकाच झाडाचा, सुगीचा. क्रिप्टोमेरिया जॅपोनिका हे त्याचे शास्त्रीय नाव. दार्जिलिंगला जाऊन आलेल्यांनी हा उंच, सरळसोट सूचिपर्णी वृक्ष 'धुपी' या नावाने पाहिलेला असेल.

सुगीच्या परागाने होणाऱ्या ॲलर्जीची पहिली नोंद १९६४ साली झाली. निक्को गावाच्या परिसरातल्या रुग्णांवरून होरिगुची आणि साइतो या डॉक्टरांनी ती केली. निक्कोला जाणाऱ्या जुन्या रस्त्यांवर सतराव्या शतकात लावलेल्या सुगींच्या मैलोन्‌मैल रांगा आहेत. म्हणजे झाड काही नवीन नव्हते. नवीन होती ती त्याची संख्या. महायुद्धात उजाड झालेल्या डोंगरांवर, घरबांधणीला लाकूड हवे म्हणून, सरकारने सुगीची प्रचंड लागवड केली. हे झाड पंचवीस-तीस वर्षांचे झाले की भरभरून पराग देऊ लागते. पुढे परदेशी लाकूड स्वस्त मिळू लागले, तोड रेंगाळली आणि लावलेली झाडे ऐन परागाच्या वयात डोंगरावरच उभी राहिली. कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या देशव्यापी पाहणीत १९९८ साली १६.२ टक्के लोकांना हा त्रास होता. २०१९ मध्ये ३८.८ टक्क्यांना.

पण झाडे तीच असूनही एका वर्षी हैराण करणारा पराग दुसऱ्या वर्षी जेमतेम जाणवतो, असे का? त्याचे उत्तर त्या वर्षीच्या हवेत नाही, आदल्या वर्षीच्या जुलैत आहे.

आपल्याकडे जुलै म्हणजे झड. जपानमध्ये मात्र जुलैच्या मध्यानंतर पाऊस ओसरतो आणि खरा उन्हाळा सुरू होतो. सुगीच्या नर शंकूंच्या कळ्या धरतात त्या याच सुमारास. ऊन लख्ख आणि हवा तापलेली असेल तर कळ्या भरपूर. ढगाळ, गार उन्हाळा असेल तर थोड्या. १९९३ चा उन्हाळा इतका थंड गेला की भाताचे पीक बुडाले आणि स्वतःच्या तांदळाचा अभिमान बाळगणाऱ्या जपानला थायलंडचा तांदूळ आणावा लागला. पण १९९४ च्या वसंतात शिंका कमी होत्या. लगेच १९९४ चा उन्हाळा विक्रमी तापला, भात उत्तम आला, आणि १९९५ च्या वसंतात परागाने कहर केला. भाताला मानवणारे आभाळ नाकाला मानवत नाही, असा हा विचित्र हिशेब आहे. त्यात झाडाची स्वतःची लयही मिसळलेली असते. एका वर्षी भरपूर पराग काढलेले झाड पुढच्या वर्षी हात आखडता घेते. एकाआड एक वर्षी येणारा हापूस ज्यांच्या दारात आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कळ्या शरद ऋतूपर्यंत तयार होतात आणि झोपी जातात. थंडी त्यांची झोप मोडते, त्यानंतरची ऊब त्यांना उमलवते. म्हणून १ जानेवारीपासून रोजच्या कमाल तापमानाची बेरीज करीत जायचे आणि ती ४०० अंशांच्या आसपास आली की पराग सुटणार, असा एक ठोकताळा तिथे वापरतात. जानेवारी उबदार गेला तर ही बेरीज लवकर भरते. टोकियोच्या परिसरात हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, उत्तरेकडे मार्च उजाडतो.

आता प्रत्यक्ष दिवस. परागाच्या पिशव्या उघडतात त्या सुकल्यामुळे. दमट हवेत त्या मिटून राहतात. ऊन आणि कोरडा वारा लागला की भिंती आक्रसतात, फाटतात आणि मग नुसत्या झुळकीने फांदीतून पिवळा धूर निघाल्यासारखा दिसतो. पावसाच्या दिवशी पराग सुटत नाही, सुटलेला धुऊन निघतो. पण तयार माल मात्र झाडावर साचत राहतो. त्यामुळे पावसानंतरचा पहिला लख्ख, उबदार, वाऱ्याचा दिवस सगळ्यांत वाईट. वसंताच्या तोंडाशी पहिल्यांदा सुटणाऱ्या जोरदार दक्षिण वाऱ्याला जपानी लोक 'हारू इचिबान' म्हणतात. नाव गोड आहे. पण ॲलर्जी असलेला माणूस त्या दिवशी खिडक्या लावून बसतो.

सुगीचा कण साधारण ३० मायक्रॉनचा, म्हणजे एक मिलिमीटरमध्ये तेहतीस मावतील एवढा. शांत हवेत तो सेकंदाला अडीच-तीन सेंटिमीटर वेगाने खाली येतो. वीस मीटर उंचीवरून सुटला तर जमिनीला लागायला बारा मिनिटे. तेवढ्यात सेकंदाला पाच मीटरचा वारा त्याला साडेतीन किलोमीटर नेईल. हिशेब एवढाच असता तर डोंगरापासून पन्नास-साठ किलोमीटरवरच्या टोकियोने शिंकायचे कारण नव्हते. पण उन्हाने जमीन तापली की गरम हवेचे लोट वर उठतात, आणि त्यांचा वेग कणाच्या पडण्याच्या वेगापेक्षा कितीतरी पट असतो. घार पंख न हलवता जशी वर चढते, तसा पराग चढतो. मग वरचा वारा त्याला शहरावर आणून सोडतो. संध्याकाळी जमीन निवली की लोट थांबतात आणि वर अडकलेले कण खाली उतरतात. टोकियोत दुपारच्या सुमारास एकदा आणि सूर्यास्तानंतर पुन्हा एकदा पराग वाढतो, तो यामुळे. 'दिवस मावळला, आता फिरून येऊ' हा बेत तिथे फसतो.

पावसाला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. सुगीचा कण भिजला की फुगून फुटतो, आणि त्याच्यातली ॲलर्जी आणणारी प्रथिने कणाहून कितीतरी लहान तुकड्यांवर बसून नाकापलीकडे, फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात.

हवामान बदलता येत नाही, जंगल बदलता येते. २०२३ साली जपान सरकारने सुगीची लागवड दहा वर्षांत सुमारे २० टक्क्यांनी घटवण्याचे आणि तीस वर्षांत पराग निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. १९९२ मध्ये तोयामा परगण्यात परागच न धरणारे एक सुगी सापडले होते. तशा वाणांची रोपे आता लावली जात आहेत. मात्र चूक मोठी व्हायला जितकी वर्षे लागली, तितकीच ती निस्तरायलाही लागणार, असे मला वाटते.

महाराष्ट्रात सुगी नाही, पण वाऱ्याच्या भरवशावर पराग सोडणारी झाडे आहेत. वावळ हे त्यांतले ठळक. त्याच्या परागाची ॲलर्जी भारतात चांगली नोंदलेली आहे. आपण मात्र संशय घेतो तो डोळ्यांत भरणाऱ्या फुलांवर, आंब्याच्या मोहरावर. मोहराचा चिकट पराग माश्या आणि कीटक वाहतात, तो वाऱ्यावर फारसा जात नाही. वावळाची फुले बारीक, हिरवट, बिनपाकळ्यांची. जानेवारी-फेब्रुवारीत पानगळ झालेल्या फांद्यांवर ती येतात, तेव्हा झाड वठल्यासारखेच दिसते. पाने नसल्यामुळे वाऱ्याला आडकाठीही नसते. दव पडलेल्या सकाळी पराग दबून राहतो, ऊन चढून हवा कोरडी झाली की मोकळा होतो, नियम सुगीचाच. त्या दिवसांत घरोघरी नाके वाहू लागतात, आणि आपण 'हवापालट झाली' म्हणून मोकळे होतो. दर वर्षी त्याच पंधरवड्यात, ताप नसताना, डोळे खाजून शिंका येत असतील तर तारीख लिहून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. मार्चमध्ये वावळाखाली चपट्या, कागदी चकत्यांसारख्या फळांचा सडा पडतो आणि झाड एकदाचे आपल्या नजरेला येते. पराग त्याआधीच उडून गेलेला असतो.