मदिनेचा करार आणि फैजपूरची मागणी

जळगाव-धुळ्यात मगरिबची अजान झाली की रोजेदार खजूर तोंडात टाकून रोजा सोडतो. ताटात शेजारीच केळी असतात. रावेर, यावल, फैजपूरच्या पट्ट्यातली. खजूर अरबस्तानातला, केळी तापीकाठची. या दोन्ही मुलखांत एक प्रश्न सारखाच उभा राहिला : वेगवेगळ्या धर्मांची माणसे एकत्र राहतात, तेव्हा सर्वांचा कारभार कोणत्या आधारावर चालवायचा?

मदिनेत हा प्रश्न इ.स. ६२२ मध्ये आला. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) मक्केहून हिजरत करून आले, तेव्हा शहरात मुसलमानांबरोबर ज्यू टोळ्याही होत्या. पैगंबरांनी लेखी करार केला. ज्यूंचा धर्म ज्यूंना, मुसलमानांचा मुसलमानांना. शहरावर हल्ला झाला तर रक्षण सर्वांनी मिळून करायचे. पुढे नजरानचे ख्रिस्ती शिष्टमंडळ चर्चेला आले. हजरत ईसा, म्हणजे येशू, यांच्याविषयी मत जुळले नाही. तरी पाहुण्यांना त्यांची प्रार्थना मशिदीत करू दिली, अशी नोंद सीरतच्या ग्रंथांत आहे. मतभेद राहिले आणि तहही झाला. ज्यू टोळ्यांशी केलेला करार मात्र टिकला नाही. अविश्वास वाढला, लढाया झाल्या. करार लिहून होतो, विश्वास रोज सांभाळावा लागतो.

खानदेशात या प्रश्नाला दोन वाटांनी हात घातला गेला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. याच विनोबांनी अरबी शिकून कुरआनचा अभ्यास केला आणि पुढे ‘कुराण-सार’ व ‘ख्रिस्तधर्म-सार’ ही संकलने सिद्ध केली. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलण्याआधी त्याचा ग्रंथ वाचावा, एवढी साधी शिस्त त्यामागे होती.

दुसरी वाट लोकशाहीची. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन भरले. रमजान ईद होऊन दोनेक आठवडे झाले होते, नाताळ नुकताच सरला होता. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. देशाची घटना ब्रिटिशांनी नव्हे, भारतीयांच्या घटना समितीने करावी, ही मागणी तेथे जोरात मांडली गेली. पुढच्याच वर्षी मुंबईचे महापौरपद डॉ. एलिजा मोझेस यांच्याकडे गेले. ते बेने इस्रायल, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाचे. डोकी मोजली असती तर त्या शहरात ज्यू महापौर कधीच झाला नसता.

घटना समितीत धर्म आणि लोकशाही समोरासमोर आले. धर्माच्या प्रचाराचा हक्क द्यावा की नाही, यावर डिसेंबर १९४८ मध्ये वाद झाला. ख्रिस्ती समाजासाठी हा शब्द मोलाचा होता. तो नको म्हणणाऱ्यांत बिहारचे तजम्मुल हुसेन होते. धर्म ही माणूस आणि निर्मात्यामधली खासगी गोष्ट, असे त्यांचे म्हणणे. तो शब्द राहावा म्हणून बोलणाऱ्यांत कन्हैयालाल मुन्शी होते. शब्द राहिला, तोही सर्व धर्मांसाठी.

मे १९४९ मध्ये अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न आला. त्या रद्द कराव्यात हा ठराव सल्लागार समितीत मांडला तो ख्रिस्ती असलेल्या डॉ. एच. सी. मुखर्जी यांनी. घटना समितीतल्या एकमेव मुस्लीम महिला बेगम एजाज रसूल यांनी त्याला पाठिंबा दिला. राखीव जागांनी अल्पसंख्याक कायमचे वेगळे पडतील, अशी त्यांची धास्ती होती. मद्रासचे मोहम्मद इस्माईल यांनी कडाडून विरोध केला. दोघेही मुसलमान, दोघेही आपल्या समाजाच्या भल्याचेच बोलत होते. बाजू धर्माप्रमाणे नव्हे, मताप्रमाणे पडल्या.

राखीव जागा गेल्या. धर्मस्वातंत्र्य आणि अल्पसंख्याकांचे भाषा, संस्कृती, शिक्षणाचे हक्क कलम २५ ते ३० मध्ये राहिले. महाराष्ट्रात मूठभर उरलेल्या ज्यू समाजाला राज्य सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याची मुळे तेथेच आहेत. पण बेगम रसूल यांनी ज्या विश्वासावर राखीव जागा सोडल्या, तो कलमांत लिहिता येत नाही. निवडणूक आली की अमुक मोहल्ल्याची इतकी मते, तमुक वाड्याची तितकी, असा हिशेब गल्लीगल्लीत सुरू होतो. माणसाला मत असते हे त्यात कोणी धरत नाही.

कुरआनात ‘शूरा’ नावाची सूरह आहे. शूरा म्हणजे सल्लामसलत. श्रद्धावंतांचा कारभार परस्पर विचारविनिमयाने चालतो, असे ती सांगते. खानदेशातल्या गावांत सणाच्या तोंडावर पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. सगळ्या धर्मांची माणसे एका ओळीत बसतात, चहा होतो, सण पार पडतो. मग पुढच्या सणापर्यंत खुर्च्या रिकाम्या. नळाचे पाणी, शाळेतला प्रवेश, रस्त्यावरचे दिवे हे विषय घेऊन तीच माणसे, पोलिसांनी न बोलावता, ईदनंतरच्या एखाद्या साध्या दिवशी बसली, तर फैजपूरला जे मागितले होते ते थोडेफार पदरात पडेल.